सोनकुलकाठचं सासर

आमच्या शिवणखान्याची सहल दरवर्षी जुलैत निघते. ऑर्डरी थंडावलेल्या असतात, बिश्केक शहरात उकाड्याने जीव नकोसा होतो, आणि आम्ही सात-आठ बायका एक मिनीबस ठरवून दोन दिवस पळ काढतो. कुठे जायचं यावर भांडण ठरलेलं. पण त्या वर्षी भांडली ती जिपारा, आणि आम्ही हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहिलो.

जिपारा माझ्या शेजारच्या मशिनीवर बसायची. शिवणखान्यात काही झाकून राहत नाही. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या जावेने वेगळी चूल मांडली, कुणाच्या पोरीला बघायला आले, सगळं मशिनींच्या खडखडाटावर ओरडून सांगितलं जातं. जिपाराचं मात्र एवढंच ठाऊक होतं की ती डोंगराळ भागातली, नारीनकडची, अडतिशीची, आणि एकटी राहते. बाकी विचारलं की हसायची आणि दोरा ओवायला घ्यायची.

"इस्सिक-कुललाच जाऊ या," ती त्या दिवशी म्हणाली. "तिथलं पाणी बरं असतं. पोहता येतं."

"तुला पोहता येतं?" साबिराने विचारलं. साबिरा आमची मुकादम.

"नाही."

"मग?"

"तुम्हाला येतं ना."

"मी पाण्यात उतरले तर काठावरची माणसं वाहून जातील, बाई!"

हशा झाला, हात वर झाले, आणि ठरलं ते सोनकुल, डोंगरातलं उंचावरचं तळं. पोरींना घोड्यावर बसून फोटो काढायचे होते. साबिराला घोडीचं दूध आंबवून केलेली कुमिस प्यायची होती. डोंगरातली ताजी, बाजारातली पाणी घातलेली नाही. जिपारा म्हणाली, मग मी येत नाही. साबिरा म्हणाली, येत नाहीस म्हणजे काय, येतेसच. साबिरापुढे कुणाचं चालत नाही.

जाताना जिपारा बसच्या शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी बसली. कोचकोरच्या बाजारात बस थांबली तेव्हा पोरी काकड्या नि सूर्यफुलाच्या बिया घ्यायला धावल्या. ही परत आली ती चहाची मोठी पुडी, साखरेचे खडे, मनुका आणि एक निळा जाड रुमाल घेऊन. डोक्याला बांधायचा, म्हाताऱ्या बायका बांधतात तसला.

"कुणाला गं?"

"असंच. चांगला दिसला."

घाट लागला, बस वळणावळणाने चढू लागली, पुढच्या बाकांवर गाणी सुरू झाली. माथा जवळ आला तेव्हा तिने माझी बाही धरली.

"मैराम एजे," ती मला थोरल्या बहिणीच्या मानाने हाक मारायची, "माझं सासर इथलं आहे."

"इथलं म्हणजे?"

"सोनकुलचं. उन्हाळ्यात काठावर, हिवाळ्यात खाली गावात. सहा उन्हाळे काढलेत मी इथे."

मग तिने सांगितलं. माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीतून बाहेर बघत सांगत होती. विसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा एर्मेक, एकुलता एक. सासरा आधीच वारलेला. सासू बुरुलकान, जिभेची तिखट, पण सुनेला उपाशी ठेवून कधी जेवली नाही. एर्मेक बांधकामावर रशियाला गेला. पहिल्या वर्षी आला, दुसऱ्या वर्षी आला, मग फोनच यायला लागले, मग फोनही कमी झाले. एक दिवस गावातल्या कुणीतरी, तिकडून परतलेल्याने, चहा पिता पिता सांगून टाकलं की एर्मेकने तिकडे घर केलंय आणि त्याला मुलगीही झालीय.

"सासूबाई काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. त्या माणसाच्या पेल्यात आणखी चहा ओतला. त्या दिवशी बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्याही नाहीत. मला राहा म्हणाल्या नाहीत नि जा म्हणाल्या नाहीत. नुसत्या बघायच्या. मग मी समजले. मुलगाच नाही तर सून कशाला! पिशवी भरली नि निघाले. निघाले तेव्हा त्या घरात नव्हत्या, मेंढ्यांकडे गेल्या होत्या. निरोपसुद्धा घेतला नाही मी."

"आणि नंतर?"

"नंतर काय! अकरा वर्षं झाली."

बस घाटमाथा ओलांडून उतरू लागली आणि पोरी एकदम ओरडल्या. खाली सोनकुल पसरलं होतं. एक झाड नाही, की झुडूप नाही. नुसतं गवत, त्यात निळं पाणी, आणि पलीकडे बर्फ राहिलेले डोंगर. मी पूर्वी दोनदा आले होते तरी मीही बघायला जागेवरून उठले. जिपाराने मात्र मान खाली घातली होती.

आमची राहायची सोय काठावरच्या एका मुक्कामाच्या जागी होती, नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे, चार-पाच तंबू आणि एक मोठी चूल. सामान टाकून पोरी पाण्याकडे पळाल्या. जिपारा तंबूच्या आडोशाला उभी राहून एका बुटक्या टेकडीकडे बघत होती. टेकडीच्या पायथ्याशी एकच तंबू, पावसापाण्याने करडा पडलेला. समोर दावणीला शिंगरं बांधलेली.

"तोच का?"

तिने मान डोलावली.

"चल मग, जाऊन ये. मी येते बरोबर."

"नको, एजे. त्या मला दारातसुद्धा उभी करणार नाहीत. आणि का करावी?"

मी हात धरून ओढणार होते, पण तशी वेळ आली नाही. त्या तंबूपाशी एक म्हातारी घोडीचं दूध काढायला बसत होती. घोडी काही माणसाला पाहून पान्हा सोडत नाही. आधी शिंगरू लावायचं, पान्हा फुटला की ते बाजूला ओढून कुणीतरी आईच्या अंगाशी धरून ठेवायचं, आणि दुसऱ्याने गुडघा टेकून दूध काढायचं. म्हातारी एकटी होती. एका हाताने शिंगराचा दोर, दुसऱ्या हातात बादली. शिंगराने हिसडा दिला, बादली लवंडली. म्हातारीने शिंगराला, घोडीला आणि बहुतेक त्यांच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. आवाज आमच्यापर्यंत आला. शब्द नाही कळले.

जिपाराला कळले असावेत. ती चालायलाच लागली. आधी हळू, मग भराभर, मग जवळजवळ धावत. मी मागून.

आम्ही पोचेपर्यंत म्हातारीने पुन्हा बैठक मारली होती. जिपारा पुढे झाली, शिंगराचा दोर तिच्या हातातून घेतला, शिंगरू घोडीच्या खांद्याशी नेऊन दाबून धरलं. म्हातारीने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली मान घालून दूध काढू लागली.

"घट्ट धर," ती म्हणाली. "चावतं ते."

बादलीत धार वाजू लागली. एक घोडी झाली, दुसरी झाली. सगळी दावण आटोपल्यावर म्हातारी कशीबशी उठली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तेव्हा जिपाराने दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून वाकून नमस्कार केला, नव्या सुना करतात तसा. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा वाकली ती वर उठेचना. आमच्याकडे सुनेने वाकायचं आणि मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा, लगेच द्यायचा. म्हातारीने चांगलाच वेळ घेतला. मी मनातल्या मनात तिच्यावर चिडले.

"सुखी राहा," ती शेवटी म्हणाली. "ऊठ आता. पाठ आखडेल." आणि मग लगेच, "मान बघ, कोंबडीसारखी झालीय! शहरात खायला मिळत नाही का? आणि ही कोण?"

"मैराम एजे. माझ्या शेजारी शिवायला बसतात."

"हिला मिळतं वाटतं खायला," माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हातारी म्हणाली. "किती जणी आहात?"

"आठ, आपा," मी वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं म्हटलं.

"मग उभ्या काय राहिलात? बोलवा सगळ्यांना. माझ्या दारावरून चहा न पिता गेलात असं लोकांनी म्हणायला नको."

तर असं आमचं सगळं लटांबर बुरुलकान आपाच्या तंबूत जाऊन बसलं. तिने रोटी मोडली, साय ठेवली, बोर्सोकांचा, म्हणजे पिठाच्या तळलेल्या तुकड्यांचा, ढीग ओतला, कातडी पिशवीतली कुमिस घुसळून वाडग्यात भरली. आमच्यातली धाकटी मीरिम, शहरातच वाढलेली, एक घोट घेऊन डोळे मिटून बसली.

"काय झालं गं?" आपाने विचारलं.

"आंबट आहे, आपा."

"आंबटच असते. गोड हवी तर नवऱ्याला सांग, तो गोड बोलेल. लग्न झालंय का?"

"नाही."

"मग पी. ताकद लागेल पुढे."

साबिराने चार वाडगे रिचवले आणि ती आपाची लाडकी झाली. जिपारा दाराजवळच्या जागी बसून सगळ्यांना चहा ओतत होती. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप तिथे जाऊन बसली होती. तिने तो निळा रुमाल आपापुढे ठेवला. आपाने उलटसुलट करून बघितला, काठ नखाने ओढून पाहिला, म्हणाली, "रंग जाईल याचा," आणि जुना सोडून लगेच तोच बांधला.

दुपार कलली आणि वारा पडला. सोनकुलला वारा पडला की जुनी माणसं बाहेर येऊन आकाश बघतात. आपा बाहेर गेली, तशीच परत आली. "दोर धरा!" एवढंच म्हणाली. आम्हाला काही उमगायच्या आत डोंगरावरून काळोख उतरला आणि वाऱ्याने तंबूला असा धक्का दिला की लाकडी सांगाडा कण्हला. जिपाराने माथ्याच्या कड्याला बांधलेला दोर पकडला आणि ओरडली, "या, लटका! सगळ्या लटका!" आम्ही लटकलो. साबिराला त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या वजनाचं कौतुक ऐकायला मिळालं. "तू मध्ये, तू मध्ये!" आपा ओरडत होती. "देवाने तुला यासाठीच बनवलंय!"

मग गारा आल्या. वरचा नमदा, जुना झालेला, एका बाजूने फाटत गेला. टर्रर्र असा आवाज. आणि त्या फटीतून गारा थेट चुलीवर, रोटीवर, आमच्या डोक्यांवर. मीरिम रडत होती की हसत होती देव जाणे. जिपारा आणि आपा खांद्याला खांदा लावून एकाच दोराला धरून होत्या, नि दोघीही वाऱ्याला शिव्या घालत होत्या, त्याही अगदी सारख्याच.

आला तसा वारा गेला. बाहेर पडलो तर सगळं कुरण पांढरं झालेलं आणि तळ्यावर पुन्हा ऊन. शेजारच्या कुरणातून एक माणूस घोडा पिटाळत आला, टोपीतून पाणी गळतंय. "आपा! धडधाकट आहात ना?" त्याचं नाव बेक्तेन. बायको आजारात गेलेली, मुलगी शाळेसाठी गावात. एरवी तोच रोज येऊन आपाला दूध काढायला हात द्यायचा, आज नेमका घोड्यांना शोधत पलीकडे गेला होता.

"मी आहे धडधाकट. छप्पर नाही," आपा म्हणाली. "नवा नमदा पुढच्या वर्षी होईल. आजची रात्र कशी काढायची ते सांग."

साबिरा कमरेवर हात ठेवून ती फाटकी बाजू बघत होती. "आपा," ती म्हणाली, "दाभण आहे का घरात? आणि लोकरीचा दोरा?"

"आहे की. पण हे हाताने शिवायला मला आठवडा लागेल."

"तुम्हाला लागेल. इथे आठ शिंपिणी उभ्या आहेत."

बेक्तेनने तो ओला नमदा उतरवून गवतावर पसरून दिला आणि आम्ही दोन्ही बाजूंनी बसलो. दाभणं तीनच होती, म्हणून आळीपाळीने. नमदा शिवणं म्हणजे कापड शिवणं नव्हे. बोटांची सालं निघतात, दोरा ओढायला दात लावावे लागतात. मीरिमचे टाके आपाने दोनदा उसवायला लावले. मी नि जिपारा समोरासमोर होतो, आणि आपा मध्ये, दोन्ही कडा जुळवून धरत. तिथे, हातात काम असताना, जिपाराने विचारलं. डोळ्याला डोळा लावून तिला विचारता आलं नसतं.

"आपा, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"कधी?"

"माहीत आहे तुम्हाला कधी."

आपाने नमद्याची कड दाबली. "काय बोलायचं होतं? राहा म्हटलं असतं तर राहिली असतीस. तू तशीच आहेस. माझी शेणं काढत, माझा चहा ओतत, केस पांढरे झाले असते तुझे. आणि जा म्हणायला तोंड उघडत नव्हतं."

"मला वाटलं, तुम्हाला मी नको."

"तेही होतं," आपा म्हणाली. "खोटं कशाला बोलू? रागही होता मला तुझा. वाटायचं, बायको धड असती तर नवरा गेला नसता. पोराला दोष द्यायला आईची जीभ वळत नाही, मग दुसरं कुणी शोधते ती. बरीच वर्षं गेली तेव्हा कुठे अक्कल आली. तोवर तू कुठे आहेस ते कोण सांगणार?"

"मी यायला हवं होतं."

"हवं होतं. अकरा ईद आल्या नि गेल्या. कुणाच्या तोंडी साधा निरोपही नाही!" आपाचा आवाज चढला. "त्या दिवशी मी काही मेंढ्यांकडे गेले नव्हते. टेकडीमागे बसले होते. तुला जाताना बघितलं. हाक मारली असती तर ऐकू आली असती एवढ्या जवळून. टाका घाल, टाका घाल, कड सुटतेय माझ्या हातातून."

जिपाराने टाका घातला. दोरा ओढताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून आपाने आपल्या बाहीने पुसलं, भांडं पुसतात तसं जोराने.

"एर्मेक फोन करतो का?" थोड्या वेळाने जिपाराने विचारलं.

"सणाला करतो. टेकडीवर चढून जावं लागतं. त्याची बायको चांगली आहे म्हणतात. असेल. मी काही बघितली नाही."

अंधार पडायच्या आत नमदा पुन्हा छपरावर चढला. शिवण वाकडीतिकडी, कुठे जाड, कुठे बारीक, आठ जणींच्या हातची. बेक्तेन घोड्यावरून ती निरखत होता. "आपा, आता तुमच्या तंबूला शहरी फॅशन आली," तो म्हणाला. आपा म्हणाली, "तू तोंड मिटून दोर बांध."

दुसऱ्या दिवशी निघताना सगळ्यांनी आपाचा निरोप घेतला. तिने प्रत्येकीच्या हातात वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पुरचुंडी दिली. जिपाराला काहीच दिलं नाही.

"तू पाहुणी आहेस का?" ती म्हणाली. "जूनमध्ये तंबू उभारायचा असतो. येणार असशील तर तेव्हा ये, हात लावायला. फोटो काढायला येऊ नकोस."

पुढच्या वर्षी जून उजाडला तशी जिपारा गेली. साबिराने कुरकुर करून, पण सुट्टी दिली. त्यानंतर दर उन्हाळ्यात ती जाऊ लागली, आधी दोन आठवडे, मग सगळा जुलै. आणि एका कडक हिवाळ्यात बेक्तेनने बुरुलकान आपाला गाडीत घालून बिश्केकला जिपाराच्या खोलीवर आणून सोडलं. आपाला शहरातलं काहीच पसंत पडलं नाही. पाणी बेचव, भिंती पातळ, वरचा माणूस रात्रंदिवस चालतो. पण रोज दुपारी आमच्या शिवणखान्यात येऊन रेडिएटरला पाठ लावून बसायची आणि सगळ्यांच्या घरच्या भानगडी निकालात काढायची. मीरिमचं लग्न तिनेच जमवलं असं मीरिमची आई म्हणते. मीरिम नुसती हसते.

जिपाराच्या मागे मात्र ती हात धुऊन लागली होती.

"बेक्तेन कसा वाटतो तुला?"

"चांगला माणूस आहे, आपा."

"चांगला शेजारी पण असतो. मी नवरा म्हणून विचारतेय. घोड्या भरपूर आहेत, दात सगळे शाबूत आहेत, पीत नाही."

"आपा, तुम्ही माझ्या सासूबाई आहात!"

"सासू होते. आता मी ठरवीन ती मी असणार. मला सोयरिकीत मुलीकडच्या मानाने बसायचंय. कायम मुलाकडचीच होऊन काय मिळालं मला!"

जिपाराने होकार द्यायला तरी दोन उन्हाळे घेतले. घाई करायची नाही म्हणाली, एकदा घाई झालीय. बेक्तेननेही घाई केली नाही. रोज यायचा, शिंगरं धरायचा, चहा प्यायचा, जायचा. गेल्या ऑगस्टमध्ये सोनकुलला आपाच्या तंबूवर त्याची थोरली बहीण कानातले डूल घेऊन मागणी घालायला आली, तेव्हा मी तिथेच होते. साबिराने मला मुद्दाम पाठवलं होतं, मुलीकडची माणसं कमी दिसायला नकोत म्हणून.

पाहुणे येताना लांबूनच दिसले. मी जिपाराच्या वेण्या घालत होते. आपा उशीला टेकून चहा पीत होती.

"आपा, आले ते," मी म्हटलं. "बाहेर उभे आहेत."

"असू देत."

"वारा आहे बाहेर."

"असू दे. माझी पोर काही रस्त्यावर पडलेली नाही, आले नि उचलून नेली. थोडं ताटकळू देत." तिने सावकाश पेला पुढे केला. "ओत गं जिपारा, आणखी एक. आणि रडू नकोस, डोळे सुजले तर डूल घालणारी म्हणेल, हिला जबरदस्तीने देताहेत."

"मी रडत नाहीये, आपा. हसतेय."

"मग दात दिसू देत."

जिपाराने पेला भरला. बाहेर बेक्तेनची बहीण मोठ्याने खाकरली. आपाने आरामात दोन घोट घेतले, मग तिसरा, आणि मला म्हणाली, "जा, दाराचा पडदा वर कर."